खिमा-पावातला पाव भिजून लगदा होतो? आधी ते पाणी कुठलं ते शोधा

श्रावण पाळला, गणपती पोचवले आणि पुढच्याच बुधवारी घरात खिमा शिजला. कुडाळात आमच्यासारख्या घरांचे वार ठरलेले असतात: रविवार, बुधवार, शुक्रवार. त्यातला बुधवार माझा. बायकोला घरी यायला आठ वाजतात, मी सहाला मोकळा होतो. मग रात्रीचं जेवण माझ्याकडे, आणि मुलांच्या फर्माईशीने ते बहुतेकदा खिमा-पावच असतं. भाकऱ्या थापायला नकोत, मासळीचे काटे काढून द्यायला नकोत. पाव मधून उघडायचा, आत खिमा भरायचा आणि हातात धरून खायचा.

हातात धरून खायचा, तिथेच तर सगळं अडलं होतं. ओळीने चार बुधवार एकच गत. पहिला घास बरा लागायचा. दुसऱ्या घासाला पावाची खालची बाजू ओली होऊन सुटायची आणि खिमा ताटात. धाकटी शांतपणे उठून चमचा घेऊन यायची. ते शांतपण मला जास्त लागायचं.

इराणी हॉटेलात खिमा वेगळ्या बशीत येतो आणि पाव बाजूला, मोडून बुडवून खायचा. तिथे रस पातळ असला तरी काही बिघडत नाही. मला हवा होता तो आत भरायचा खिमा: रसरशीत, पण पावातून बाहेर न येणारा. अमेरिकेत याच जातीचा एक प्रकार आहे, ‘स्लॉपी जो’. टोमॅटोच्या सॉसमध्ये शिजवलेला खिमा गोल बनमध्ये घालून देतात. नावाचा अर्थच ‘गबाळा जो’, म्हणजे सांडणार हे त्यांनी आधीच कबूल करून टाकलंय. मी कबूल करायला तयार नव्हतो.

आधी सगळा राग पावावर काढला. बेकरी बदलली, सकाळचा पाव सोडून संध्याकाळचा आणला, एकदा तर सँडविचचा ब्रेड आणला. तो पावापेक्षा आधी विरघळला. मग आईला मालवणला फोन केला आणि सगळी कृती सांगितली. ती दुसऱ्याच वाक्याला थांबवून म्हणाली, “मेल्या, खिमो धुतलंस मा? मगे ता पाणी खय गेला?”

ते पाणी कुठे गेलं, याचा मी विचारच केला नव्हता. पुढचं सगळं त्या प्रश्नातून निघालं.

आधी दोन मिनिटांची ताटली-परीक्षा

उपाय करण्याआधी बिघाड कुठला ते कळायला हवं, कारण पाव भिजवणाऱ्या गोष्टी एकाहून जास्त आहेत आणि एकीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही. खिमा झाला असं वाटलं की एक डाव खिमा स्टीलच्या ताटलीत काढा. ताटलीच्या एका कडेखाली चमचा सरकवून तिला थोडा उतार द्या आणि दोन मिनिटं हात लावू नका.

उताराला लालसर, पाण्यासारखा ओघळ आला तर मटणाचं किंवा टोमॅटोचं पाणी आटलेलं नाही. दाट केशरी तेल आलं तर ती चरबी. ओघळ काहीच नाही, खिमा जागच्या जागी बसून आहे आणि तरी पाव भिजतो, तर खिमा निर्दोष आहे. पावाकडे आणि वर घातलेल्या कांद्याकडे बघा. माझ्याकडे पहिल्या दिवशी ओघळ ताटलीची कड ओलांडून ओट्यावर आला.

मटणातलं पाणी

कच्च्या मटणात वजनाच्या जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर टाकतात. अर्ध्या किलो खिम्यातून शंभर-सव्वाशे मिली, म्हणजे अर्धी वाटी तरी पाणी असं सुटतंच. त्यात कोणाची चूक नाही. चूक होते ती त्या पाण्यात लगेच टोमॅटो घालून झाकण ठेवण्यात. मी नेमकं तेच करत होतो. वर कुकर. कुकरमधून वाफ फारशी बाहेर जातच नाही, त्यामुळे जेवढं पाणी आत होतं तेवढं शिट्ट्या झाल्यावरही जागेवरच. झाकण उघडलं की खिमा खाली आणि वर तळं.

आता मी पसरट कढई घेतो. घरातली सगळ्यात रुंद, मग ती घासायला कितीही जड असो. अर्धा किलो खिमा अरुंद पातेल्यात घातला की थर जाड होतो, पातेलं एकदम थंड पडतं आणि खिमा परतला न जाता आपल्याच पाण्यात उकडतो. रंग राखाडी येतो, वास उकडल्यासारखा. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही आणि मटणाला खरपूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून आधी पाणी जायला हवं. त्याआधी रंग येणार नाही, चवही येणार नाही.

पाणी गेलं हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. सुरुवातीला खदखद असा जाड आवाज असतो. तो हळूहळू बारीक होत जातो आणि मग एकदम चुरचुर सुरू होते, कांदा तेलात पडल्यावर होते तशी. त्याच वेळी कडेला तेल दिसायला लागतं. आपण ‘तेल सुटलं’ म्हणतो ना, त्याचा अर्थ एवढाच की उकळणारं पाणी संपलं, आता तेल वेगळं दिसू शकतं. मोठ्या आचेवर अर्ध्या किलोला याला दहा-बारा मिनिटं लागतात. भूक लागलेली असताना ही दहा मिनिटं फार मोठी वाटतात, आणि पाव भिजण्याचं मूळ बहुतेक वेळा याच दहा मिनिटांच्या घाईत असतं.

त्यातली पहिली दोन-तीन मिनिटं गुठळ्या मोडायची आहेत. एकदा प्रथिनं घट्ट बसली की गुठळी फुटत नाही, तिच्या आतलं पाणी आतच राहतं आणि ते नंतर पावात सुटतं. पावभाजीचा मॅशर घ्या, दाबा, पलटा. मीठ तेव्हा घालू नका. कच्च्या खिम्याला मीठ चोळून ठेवलं तर तो चिकट होऊन एकमेकांना धरतो. कबाबाला ते हवंच, इथे नको. रंग आल्यावर मीठ.

आता धुण्याचं. खिमा धुवायचा की नाही यावर घराघरांत भांडणं आहेत. नीट शिजवलं तर जंतू आचेनेच मरतात, धुण्याने नव्हे. उलट धुताना शिंतोडे ओटाभर उडतात, म्हणून न धुणंच बरं, हे मला पटलेलं आहे. आईला पटलेलं नाही आणि ती घरी असते तेव्हा मी वाद घालत नाही. धुवायचाच असेल तर बारीक जाळीच्या चाळणीत धरा, नळाची धार अगदी बारीक ठेवा, आणि नंतर मुठीत घेऊन पिळा. नुसता निथळत ठेवून भागत नाही, खिमा स्पंजासारखा पाणी धरतो. पिळून झाल्यावर वीस मिनिटं चाळणीतच राहू द्या, खाली वाटी ठेवून. पहिल्यांदा त्या वाटीत जमलेलं पाणी बघून मी आईला दुसऱ्यांदा फोन केला. चाळणी, वाटी आणि ओटा मग साबणाने धुवा.

याहून सोपा मार्ग खाटकाकडे आहे. “बारीक मारू की जाड?” असं तो विचारतो तेव्हा आपण सवयीने बारीक म्हणतो. जाड सांगा. जितका बारीक तितकं मांस जास्त कापलं जातं आणि तितकं पाणी लवकर सुटतं. खांद्याचं मटण घेऊन डोळ्यांसमोर खिमा करून घ्या, थोडी चरबी राहू द्या. फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दोन. खिम्याचा सगळा पृष्ठभाग उघडा असल्याने तो अख्ख्या तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. फ्रीझरमधला वापरणार असाल तर रात्रभर खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवून वितळवा. बर्फाचे कण मांस आतून फाडतात, त्यामुळे गोठवलेला खिमा ताज्यापेक्षा जास्त पाणी सोडतो. ते पाणी टाकूनच द्यायचं.

चिकनचा खिमा करणाऱ्यांसाठी एवढंच: तो पटकन शिजतो आणि आटवत बसलात तर कोरडा भुसा होतो. रंगाच्या मागे लागू नका, पाणी संपताच मसाला घाला.

टोमॅटो, आणि आमसुलं

टोमॅटो म्हणजे शेकडा चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच. दोन मध्यम टोमॅटो चिरून टाकले म्हणजे पाऊण-एक वाटी पाणीच ओतल्यासारखं. दहा मिनिटं राबून खिमा कोरडा केला आणि मग हे केलं तर कष्ट वाया. मुंबईच्या पद्धतीत टोमॅटो लागतोच आणि तिथे तो पूर्ण आटवतात. माझा सल्ला: एक टोमॅटो ठेवा, तोही कांद्याबरोबर आधीच परतून, मॅशरने चेपून, तेल सुटेपर्यंत. बाकी आंबटपणा आमसुलांना देऊ द्या. अर्ध्या किलोला तीन-चार आमसुलं, अर्ध्या वाटी गरम पाण्यात भिजवून, शेवटच्या पाच मिनिटांत. आंबटपणा मिळतो आणि पाणी किती घालायचं ते आपल्या हातात राहतं. रंग थोडा काळपट होतो. मला तो आवडतो, मुलांना केशरी हवा असतो, म्हणून तो एक टोमॅटो.

कांदाही पाण्याचाच. तीन मोठे कांदे नुसते गुलाबी करून पुढे गेलात तर उरलेलं पाणी रश्शात येणार. बदामी होईपर्यंत थांबा. कांदा दुसऱ्या शेगडीवर एकीकडे परतत ठेवला तर वेळ वाढत नाही.

रस धरून ठेवायला काहीतरी हवं

इथे मी आणखी एक बुधवार फसलो. खिमा आटवला, टोमॅटो कमी केला, पाव भिजला नाही. पण खाताना कोरडा. धाकटीने या वेळी पाणी मागितलं. तेव्हा लक्षात आलं, रस नको असं नाही. रस हवा, पण त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं. आणि आपल्या स्वयंपाकात ते पूर्वीपासून आहे: भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. भाजलेलं खोबरं बारीक वाटलं की त्याचा चोथा रस शोषून घेतो आणि त्यातलं तेल मसाल्यात मिसळतं. मटणाच्या रश्शाला दाटपणा देणारं तेच वाटण इथे थोडं कोरडं हवं.

बुधवारी संध्याकाळी खोबरं भाजत बसायला वेळ नसतो. म्हणून रविवारी मटण असतं तेव्हाच जास्तीचं करतो: एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर चांगलं तांबूस होईपर्यंत भाजायचं, चमचाभर धणे आणि खसखस त्यातच, गार झाल्यावर मिक्सरमध्ये पाणी न घालता फिरवायचं. झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतं. ओल्या खोबऱ्याचं, कांदा घातलेलं वाटण चवीला वरचढ, हे मान्य; पण ते वाटताना मिक्सरचं पातं फिरत नाही म्हणून पाणी घातलं जातं आणि आपण पुन्हा पहिल्या जागी. ओलंच हवं असेल तर आमसुलांचं पाणी त्यातच वापरा, वेगळं घालू नका.

अर्ध्या किलोला माझं प्रमाण असं बसलंय: तीन कांदे, एक टोमॅटो, आलं-लसणाचं वाटण दीड चमचा, मालवणी मसाला दोन चमचे, हळद, कोरडं वाटण चार मोठे चमचे, आमसुलांचं अर्धी वाटी पाणी. खिमा कोरडा होऊन रंग आला की मसाला मिनिटभर परततो, परतलेला कांदा-टोमॅटो मिसळतो, एक वाटी गरम पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवतो, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. खांद्याच्या मटणात शिरा असतात, त्यांना मऊ व्हायला एवढा वेळ लागतोच. तो चुकवला तर खिमा रबरासारखा लागतो. घाई असेल तर याच टप्प्यावर कुकर, पाणी पाव वाटी, दोन शिट्ट्या. आधी रंग आणला असल्याने आता कुकर त्रास देत नाही. शेवटी झाकण काढून वाटण आणि आमसुलं, पाच मिनिटं मोठ्या आचेवर. डावाने कढईच्या तळाशी रेघ ओढा. रेघ दोन क्षण टिकून मग हळूहळू मिटली तर झालं. लगेच मिटली तर अजून आटवा, मिटलीच नाही तर दोन चमचे गरम पाणी.

गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण न ठेवता थांबायचं. गरम खिमा पातळ असतो, निवताना दाटतो. शिवाय कढत खिम्याची वाफ पावात शिरते आणि बंद पावात ती पाणी होऊन बसते. त्या दहा मिनिटांत पाव भाजून होतात.

केशरी तेल आलं असेल तर

तर तुम्ही नशीबवान. कढई तिरकी करा, जमलेलं तेल चमच्याने वाटीत काढा आणि टाकू नका. हेच तेल पावाला लावायचं. मटणाचा आणि मसाल्याचा सगळा वास त्यात उतरलेला असतो, त्यापुढे बटर फिकं पडतं.

पाव

आमच्याकडे सकाळी पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत येतो. तो पाव गरम असतो आणि गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला की पिशवीला आतून घाम येतो. संध्याकाळपर्यंत त्याची कातडी ओलसर, चिवट. कापडी पिशवीत किंवा टोपलीत ठेवा, वरून फडकं. सकाळचा पाव संध्याकाळी थोडा घट्ट झालेला असतो आणि खिम्याला तोच चांगला. अगदी ताज्या, लुसलुशीत पावाचा आतला भाग रस लागताच चिकट होतो. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे तो शिळा फार लवकर होतो. सिंधुदुर्गात गोव्याच्या वळणाचा उंडा मिळाला तर उत्तमच, त्याचं कवच कडक असतं.

पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की पाव जणू आधीच अर्धा भिजलेला. तेव्हा दोन वेळा भाजायचा. पाव मधून उघडून आतली बाजू आधी कोरड्या तव्यावर ठेवायची, वाफ निघायची थांबेपर्यंत. मग वाटीतलं ते तेल तव्यावर पसरून त्यावर पुन्हा, तांबूस कडक पापुद्रा धरेपर्यंत. हा तेलकट पापुद्राच आतल्या मऊ भागाला रसापासून वाचवतो. पावाची बाहेरची बाजू भाजून आतली मऊ ठेवली तर दिसायला छान, पण उपयोग शून्य. मी कित्येक महिने तेच करत होतो.

एवढं करूनही भिजतो?

मग वरचा कांदा. हे मला शेवटी सापडलं आणि सगळ्यात जास्त लाज यातच वाटली. मी कांदा चिरून मीठ-लिंबू लावून आधीच ठेवत असे, म्हणजे बायको आली की लगेच वाढता येईल. मिठाने कांद्याचं पाणी सुटतं. बशीच्या तळाशी साचलेलं ते पाणी चमच्याबरोबर थेट पावात जात होतं. कांदा आता कोरडाच ठेवतो, लिंबू खाताना पिळतो. कोथिंबीरही धुतल्यावर फडक्यात दाबून घ्यायची.

साडेआठ वाजलेत आणि कढईत तळं आहे

असं झालंच तर खिमा कढईच्या कडेला सारून मध्ये आळं करा. पाणी मध्ये जमतं, तिथे आच मोठी करून आटवा; सगळा खिमा ढवळत बसण्यापेक्षा लवकर होतं आणि खिमा जास्त शिजत नाही. वाटण नसेल तर एक पाव तव्यावर कडक भाजून हाताने चुरा आणि तो चुरा मिसळा, दोन मिनिटांत रस धरतो. कॉर्नफ्लोअर कालवून घालायचा मोह आवरा, मालवणी मसाल्याला ती चकाकी शोभत नाही. तेवढाही वेळ नसेल तर बाउलमध्ये खिमा, बाजूला भाजलेले पाव, आणि आज इराणी पद्धत आहे असं सांगून मोकळं व्हायचं. आमच्याकडे हे दोनदा खपून गेलं.

उरलेला खिमा मुलांच्या डब्यात द्यायचा असेल तर पावात भरून देऊ नका. दोन डबे द्या, एकात खिमा, दुसऱ्यात भाजून पूर्ण गार केलेले पाव. गरम पाव डब्यात बंद केला की पुन्हा तीच पिशवीची गोष्ट. गुरुवारी मात्र नाहीच द्यायचा. आमच्याकडे तो वार स्वामींचा, त्यामुळे उरलेला खिमा शुक्रवारच्या सकाळची वाट बघत फ्रीजमध्ये बसतो. तोवर वाटण आणखी रस पिऊन तो इतका घट्ट होतो की गरम करताना दोन चमचे पाणी घालावं लागतं.